शनिवारची गोळी

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू बोलता बोलता म्हणालास, "शनिवारी बसायचं असलं की मी संध्याकाळच्या गोळ्या घेत नाही. दारूवर गोळी नको." तेव्हा तुझ्याकडे पाहुणे होते म्हणून मी गप्प बसलो. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

माझ्या मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न दर शनिवारी येतो. "आज थोडी घ्यायचीय, गोळी उद्या घेतली तर चालेल ना?" विचारणारे बेफिकीर नसतात रे. तब्येतीला जपणारीच माणसं असतात, म्हणून जास्त वाईट वाटतं.

तुझी शुगरची गोळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची आहे. त्यातलं ग्लिमेपिराइड जवळजवळ दिवसभर काम करतं. सकाळी घेतलेल्या गोळीचा असर रात्री तू बसतोस तेव्हाही अंगात असतोच, संध्याकाळची चुकवून तो जात नाही. आता यकृताचं बघ. पोटात अन्न नसतं तेव्हा रक्तातली साखर सांभाळायचं काम यकृत करतं. दारू आली की ते तिच्या मागे लागतं आणि नवी साखर तयार करणं मागे पडतं. तुमच्या बैठकीत नऊ ते बारा चकणा चालतो, आणि जेवण बऱ्याचदा राहूनच जातं. अशा वेळी साखर घसरते ती बहुतेक पहाटेच्या सुमाराला, सगळे झोपलेले असताना.

मला खरी भीती पुढची आहे. साखर खूप कमी झाली की माणसाला घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं, तोल जातो, काहीबाही बडबडतो. तोंडाला दारूचा वास असला की घरचे काय म्हणणार? "चढलीय, झोपू दे." आणि झोपू देतात. म्हणून हे वहिनींनाही वाचायला दे. तू शुद्धीवर असलास आणि गिळता येत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायची आणि ग्लुकोमीटर लावून बघायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८ ला फोन.

मेटफॉर्मिनचं वेगळं. दारू भरपूर झाली, त्यात किडनी किंवा यकृत कमजोर असलं, तर रक्तात लॅक्टिक ॲसिड साठू शकतं. क्वचित होतं, पण झालं तर आयसीयूच. किडनी कशी चाललीय ते सांगणारं क्रिएटिनिन रक्तात शेवटचं कधी तपासलंस?

आणि बीपीची गोळी कशाला सोडतोस? ॲमलोडिपिन अंगातून निम्मं कमी व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. शिवाय जास्त दारू झाली की काही तासांनी बीपी वाढतं. म्हणजे गोळीची गरज वाढणार असते, नेमकी तेव्हाच तू ती टाळतोस.

"मी फक्त बिअर घेतो" हेही आता सोड. ६० मिलीच्या म्हणजे लार्ज व्हिस्कीच्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. आठ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या स्ट्राँग बिअरमध्ये ४० च्या वर, म्हणजे एक बाटली दोन लार्ज पेगांइतकी. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच निपटतं. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही तो वेग वाढत नाही. तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही असं तू म्हणतोस ना, त्याचं कारण बऱ्याच अंशी हेच. दारूने झोप लवकर लागते, पण ती उतरायला लागली की मोडते.

त्या मोडलेल्या झोपेवर आईंच्या स्ट्रिपमधली अर्धी अल्प्राझोलॅम, म्हणजे गुंगी आणणारी गोळी, घ्यायचा विचार चुकूनही करू नकोस. दारू आणि ही गोळी दोन्ही मेंदूला मंदावतात, एकत्र आल्या की श्वासच मंदावू शकतो. सकाळी डोकं धरलं म्हणून उपाशीपोटी आयबुप्रोफेनही नको, त्याने जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. दाढेसाठी मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक चालू असेल तर कोर्स संपेपर्यंत आणि पुढे तीन दिवस थेंबही नको.

तुझ्या भावाबद्दल मात्र उलटं सांगतो. सकाळी हात कापतात म्हणून त्याला घ्यावी लागते, असं तू म्हणालास. त्याला "उद्यापासून बंद" अशी शपथ घालू नका. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, जिवावर बेततं. सोडायलाच हवी, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. त्याला घेऊन जाणार असशील तर मी रजा टाकून सोबत येतो.

तू अजिबात घेऊ नयेस असंच मला वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये सांगितलं की तब्येतीला सुरक्षित असं दारूचं कोणतंच प्रमाण नाही. ठरवायचं तुला आहे. पण डॉक्टरांना "कधीतरी, थोडी" असं सांगू नकोस, किती आणि कुठल्या वारी ते सांग. गोळी बदलायची की वेळ, ते त्यांना ठरवता येईल. तोवर एकही गोळी स्वतःच्या मनाने सोडू नकोस. चिठ्ठीचा आणि सगळ्या स्ट्रिपांचा फोटो आज रात्रीच पाठव, आईंच्या गोळ्यांचाही. आणि या शनिवारी बसायच्या आधी मला फोन कर.

तुझाच