गोळी बंद केली आणि पुढं काय झालं

संपादक साहेब, नमस्कार.

हार्ट अटॅक, स्ट्रोकच्या बातम्यांत किती माणसं गेली ते येतं, पण जी वाचतात आणि अंथरुणाला खिळतात त्यांच्याबद्दल कुणी काही लिहीत नाही म्हणून हे पत्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 साली जगात हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी 1 कोटी 79 लाख माणसं गेली, त्यातली बहुतेक हार्ट अटॅक आणि स्ट्रोकनं. वाचलेल्यांचं ओझं घरच्यांवर पडतं ते यात कुठंच धरलेलं नाही.

माझे वडील एका सकाळी शर्टाचं बटण लावत होते, उजव्या हाताची बोटं नुसती बटणावरून फिरत होती, लागत काही नव्हतं, जीभपण जड झालेली, आणि आम्ही काय केलं तर त्यांना झोपवलं, वाटलं अशक्तपणा असेल, उतरेल दुपारपर्यंत. तो स्ट्रोक होता, म्हणजे मेंदूचा झटका, आणि त्यात रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेपण आधी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना हे बघून, हे आम्हाला हॉस्पिटलात गेल्यावर कळलं. तोवर वेळ गेली होती. आता त्यांचं सगळं आई करते, त्यासाठी तिनं नोकरी सोडली.

त्या सकाळच्या दोन महिने आधी बीपी नॉर्मल आलं म्हणून वडिलांनी बीपीची गोळी बंद केली होती. अहो, गोळीमुळंच तर नॉर्मल आलं होतं! हे त्यांना कुणीच नीट सांगितलं नाही, आम्हीपण विचारलं नाही. जगात 30 ते 79 वयाच्या ज्यांना बीपी आहे त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना ते आहे हेच माहीत नाही, कारण दुखत काहीच नाही. म्हणून वाटतं, माणूस कुठल्याही कारणानं दवाखान्यात गेला तरी आधी बीपी मोजा, आणि गोळ्या जवळच्या सरकारी दवाखान्यात महिनोन्महिने खंड न पडता मिळू द्या. मोठी हॉस्पिटलं हवीतच, पण तिथं पोचायची वेळच येऊ नये यासाठी हे स्वस्तातलं काम आधी व्हायला हवं.

तुम्हाला एक विनंती. रोज हवामान छापता तिथं एवढं छापा: तोंड वाकडं झालं, हात उचलला तर खाली पडतोय, बोलणं अडखळतंय, तर झोपवू नका, लगेच न्या. आणि हे सुरू कधी झालं ती वेळ घड्याळात बघून ठेवा, डॉक्टर आधी तेच विचारतात.

आपला एक वाचक