टोन आणि साउंड : अनिरुद्धला पत्र

धरमपेठ, नागपूर
१८ मे

प्रिय अनिरुद्ध,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला त्याचा दोष नागपूरच्या उन्हाळ्याला दे. दुपारी कूलर लावला की माझ्या सिंगल कॉइलच्या, म्हणजे आजूबाजूच्या विजेची खरखर सहज पकडणाऱ्या, गिटारमधून त्याच्या मोटरची गुरगुर ऐकू येते, आणि बंद केला तर घामाने बोटे तारेवर ठरत नाहीत. तिसरे पेडल (आवाज बदलणारी पायाखालची डबी) घेऊनही साउंड तेवढा बदलतो, टोन काही येत नाही, अशी तुझी तक्रार आहे आणि या दोहोंत गिटारवाले नेमका काय फरक करतात, असे तू विचारले आहेस. हे शब्द आपण सगळेच सैलपणे वापरतो, त्यामुळे मला जे उमगले आहे तेवढेच लिहितो.

संगीताच्या परीक्षेसाठी नादाची तीन लक्षणे आपण घोकली होती : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. डोळे मिटूनही सतार आणि बासरी वेगळी कळते ती जातीमुळे. गिटारची पहिली तार खुली छेडली की सुमारे ३३० हर्ट्झचा स्वर उमटतो, पण त्याच्याबरोबर ६६०, ९९० असे वरचे स्वरांशही वाजत असतात आणि त्यांचे प्रमाण बदलले की जाती बदलते. ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, छेडले तर आवाज धारदार येतो. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे खुल्या तारेच्या बरोबर मध्यावर छेडले तर सम क्रमांकाचे स्वरांश जवळजवळ उठतच नाहीत आणि आवाज पोकळ होतो. पिकअप (तारेचे कंपन विजेत बदलणारे चुंबकी वेटोळे), अ‍ॅम्प, स्पीकर हे सारे याच प्रमाणात फेरफार करतात. इलेक्ट्रिक गिटारवर ज्या बटणाला ‘टोन’ म्हणतात, तेही बिचारे बहुधा एका कपॅसिटरच्या मदतीने वरचे स्वरांश कापण्यापलीकडे काही करत नाही.

टोन म्हणजे नादाची जाती, एवढेच मी बरीच वर्षे समजत होतो. मागच्या महिन्यात मी एक सरळ, न हलवलेला स्वर संगणकावर मुद्रित केला, त्याच्या सुरुवातीचा सेकंदाचा दहावा भाग कापून टाकला आणि उरलेला पुन्हा पुन्हा ऐकत बसलो. स्वयंपाकघरातून हिने विचारले, “पेटी कोण वाजवतंय?” मग दिवाळीत तू पाठवलेल्या मुद्रणातल्या एका स्वराचीही मी तशीच मुंडी उडवली. तुझा कोणता आणि माझा कोणता, हे मला स्वतःलाच सांगता येईना! कापला गेला होता तो पिक (तार छेडायची छोटी चकती) तारेला भिडण्याचा क्षण, आणि आपली ओळख नेमकी तिथेच होती.

म्हणून आता मी असे मानतो की साउंड हा सगळ्या सरंजामाचा असतो, तर स्वर कसा सुरू करायचा, कसा तोलून धरायचा आणि कुठे सोडायचा यावरची वादकाची जी मुद्रा, तिला गिटारवाले टोन म्हणतात. आपल्याकडे ‘आवाज चांगला आहे’ आणि ‘गळा तयार आहे’ ही दोन वेगळी प्रशस्तिपत्रे आहेत, तसेच काहीसे हे आहे. वसंतराव देशपांडे यांचे जुने मुद्रण गणपतीच्या मांडवातल्या फाटक्या भोंग्यातून लागले, तरी एका तानेत लोक ओळखतात. भोंग्याने आवाजाची वाट लावलेली असते, गळ्याला मात्र धक्का लागत नाही. क्वीन या बँडचा गिटारवादक ब्रायन मे प्लास्टिकच्या पिकऐवजी सहा पेन्सचे जुने नाणे वापरतो आणि त्याच्या कंगोरेदार कडेची खरखर स्वराच्या अगदी तोंडाशी ऐकू येते. डायर स्ट्रेट्स या बँडचा मार्क नॉफ्लर बहुतेक वेळा पिकच वापरत नाही, त्याच्या नुसत्या बोटांच्या मांसाचा स्पर्श ऐकू येतो. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगची ओळख पटते ती डाव्या हाताच्या व्हायब्रेटोने, म्हणजे स्वर हलवण्याच्या लकबीने.

मात्र ‘सारे काही हातात असते’ हे सुभाषित मला अर्धेच पटते, कारण हाताचे ऐकणारी यंत्रणाही लागते. व्हॉल्व्हचा (जुन्या काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प आवाज फाटण्याच्या बेतात ठेवला तर हलक्या स्पर्शाला तो स्वच्छ बोलतो आणि जोराच्या स्पर्शाला करवादतो. तुझी अडचण, माझ्या मते, इथेच आहे. तू घेतलेले पेडल कॉम्प्रेसर आहे आणि त्याच्यापुढे डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा परिणाम) पूर्ण वर ठेवले असल्याचे तूच लिहिले आहेस. कॉम्प्रेसरचे कामच जोरकस आणि नाजूक आघातांमधले अंतर कमी करण्याचे. त्यावर भरमसाट डिस्टॉर्शन चढले की उरलेसुरले अंतरही जाते. माझ्या कात्रीने जे केले, जवळपास तेच तू पैसे मोजून करवून घेतो आहेस.

तेव्हा आठ दिवस कॉम्प्रेसर काढून ठेव, डिस्टॉर्शन निम्म्यावर आण आणि पिकच्या टोकाऐवजी त्याच्या गोल खांद्याने एकच स्वर वेगवेगळ्या जोराने छेडून बघ. मुद्रण जमले तर पाठव, आणि मी ते कापणार नाही याची खात्री बाळग. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास