चेहऱ्यांना नावे हवीत : जुन्या क्रीडावस्तू आणि छायाचित्रांच्या संग्रहासाठी आवाहन

सर्व क्रीडाप्रेमी बंधुभगिनींस सस्नेह नमस्कार.

जुन्या क्रीडावस्तू आणि जुनी छायाचित्रे यांचा सार्वजनिक संग्रह उभा करण्याचे काम आमच्या समितीने हाती घेतले आहे. पदके, करंडक, बिल्ले, जर्सी, टोप्या, बॅटी, हॉकी स्टिक, चेंडू, सामन्यांच्या कार्यक्रमपत्रिका, तिकिटे, स्कोअरबुके, वृत्तपत्रांची कात्रणे आणि मुख्यतः संघांची व खेळाडूंची छायाचित्रे या संग्रहात जपली जाणार आहेत. या सर्वांसाठी आम्ही आपल्या दाराशी येत आहोत. मात्र आमचे पहिले मागणे वस्तूंचे नसून त्या वस्तूंविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्याचे आहे. वस्तू आणखी दहा वर्षांनीही मिळू शकेल, पण तिच्याविषयी सांगू शकणारी व्यक्ती तेव्हा आपल्यात असेलच असे नाही.

नाव हरवले की काय होते, याचे एक उदाहरण ऑलिम्पिकच्या इतिहासातच आहे. १९०० साली पॅरिस येथे झालेल्या स्पर्धेत सीन नदीवर नौकानयनाच्या शर्यती झाल्या. फ्रांस्वा ब्रांट आणि रूलोफ क्लाइन या डच जोडीला आपला सुकाणूधारी वजनाने जड वाटला, म्हणून अंतिम शर्यतीसाठी त्यांनी त्याच्या जागी एका लहान स्थानिक मुलाला नावेत बसवले आणि ती शर्यत जिंकली. विजयानंतर त्या मुलाचे दोन्ही नाविकांसमवेत छायाचित्र घेतले गेले आणि ते आजही उपलब्ध आहे. ऑलिम्पिकच्या सर्वांत लहान विजेत्यांमध्ये त्याची गणना होते, पण त्याचे नाव कोणीही लिहून ठेवले नाही. अभ्यासकांनी शंभराहून अधिक वर्षे शोध घेऊनही त्याची खात्रीशीर ओळख पटलेली नाही. छायाचित्राच्या मागे त्या दिवशी पेन्सिलीने दोन शब्द लिहिले गेले असते, तर हा सगळा शोध करावा लागला नसता.

आपल्या घरी, शाळेत किंवा क्रीडामंडळाच्या कपाटात असलेल्या ग्रुप फोटोंची अवस्था याहून वेगळी नाही. पुढच्या रांगेत ढाल किंवा करंडक, मागे हाताची घडी घालून उभे असलेले खेळाडू, कडेला प्रशिक्षक, अशा छायाचित्रांतील एखाददुसरा चेहरा पुढे प्रसिद्ध होतो आणि बाकीचे हळूहळू अनोळखी होत जातात. वास्तविक ज्या संघातून तो एक खेळाडू घडला, तो संघ त्या बाकीच्यांचाच होता. म्हणून आमची विनंती आहे की घरातील ज्येष्ठांसमवेत निवांत बसावे, छायाचित्र त्यांच्यासमोर ठेवावे आणि ते जे सांगतील ते लिहून घ्यावे. छायाचित्राची साधी छायाप्रत काढून तिच्यावर प्रत्येक डोक्याशी क्रमांक घालावा आणि वेगळ्या कागदावर त्या क्रमांकांपुढे नावे लिहावीत, म्हणजे मूळ छायाचित्राला हात लावावा लागत नाही. खात्री असलेली नावे तशीच लिहावीत आणि केवळ अंदाज असेल तेथे प्रश्नचिन्ह घालावे, कारण खात्रीने लिहिलेले चुकीचे नाव हे कोऱ्या जागेपेक्षा अधिक नुकसान करते. मैदानावरचे टोपणनावही अवश्य लिहावे. पुष्कळदा जुन्या सहकाऱ्यांना तेवढेच आठवत असते आणि त्याच्या आधारे पूर्ण नाव सापडते. शक्य असेल तर हे संभाषण मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे. छायाचित्र पाहता पाहता ज्येष्ठ मंडळी खेळाविषयी, मैदानाविषयी आणि त्या काळच्या साधनांविषयी जे सहज बोलून जातात, ते पुढे कोणत्याही कागदपत्रात सापडणार नाही.

नाव आणि साल यांची जोड मिळाली की छायाचित्र हा पुरावा होतो, आणि पुराव्याचे मोल किती असते ते १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकने दाखवून दिले आहे. महिलांच्या मैदानी शर्यतींचा समावेश त्या वर्षी प्रथमच झाला. ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीनंतर काही वृत्तपत्रांनी धावपटू मैदानावर कोसळल्याची आणि कित्येकींनी शर्यत अर्धवट सोडल्याची वर्णने छापली. प्रत्यक्षात त्या शर्यतीत नऊ जणी धावल्या होत्या आणि नऊही जणींनी ती पूर्ण केली होती. शर्यतीची चित्रफीत आणि नोंदी तपासणाऱ्यांनी हे पुढे स्पष्ट केले. तोपर्यंत व्हायची ती हानी होऊन गेली होती, कारण महिलांची ८०० मीटरची शर्यत ऑलिम्पिकमधून वगळली गेली आणि थेट १९६० साली रोम येथे परत आली. मुलींच्या आणि महिलांच्या खेळांची जुनी छायाचित्रे आम्ही आवर्जून मागत आहोत, त्यामागे हेच कारण आहे. ती मुळातच कमी काढली गेली आणि जी काढली गेली ती घरगुती अल्बममध्ये राहून गेली. आपल्या आईचे, आजीचे, मावशीचे किंवा शाळेतील बाईंचे मैदानावरचे एखादे छायाचित्र असेल, तर ते कितीही लहान किंवा अस्पष्ट असले तरी आम्हाला हवे आहे.

साल माहीत नाही म्हणून कोणीही संकोच करू नये. जुन्या फुटबॉल संघांच्या छायाचित्रांत कर्णधाराच्या पायाशी ठेवलेल्या चेंडूवर पुष्कळदा पांढऱ्या अक्षरांत वर्ष लिहिलेले आढळते. कातडी चेंडूला बुटासारखी नाडी आहे का, फलंदाजाच्या डोक्यावर हेल्मेट आहे का, हॉकीचा सामना गवतावर चालला आहे की कृत्रिम मैदानावर, यांवरूनही काळाचा अंदाज बांधता येतो. क्रिकेटमध्ये हेल्मेटचा वापर १९७० च्या दशकाच्या अखेरीस रुळला आणि ऑलिम्पिक हॉकी कृत्रिम मैदानावर प्रथम १९७६ साली माँट्रियल येथे खेळली गेली. छायाचित्र ज्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले असते त्याच्या कडेला किंवा मागे स्टुडिओचा शिक्का असतो, तोही मोठा दुवा ठरतो. त्यामुळे जुना पुठ्ठा काढून टाकू नये, त्याच्या कडा कापू नयेत आणि मोडकी चौकटसुद्धा छायाचित्रासमवेतच ठेवावी. एखादे स्कोअरबुक हाती लागले, तर एका पानावरून अख्ख्या संघाची नावे मिळतात. म्हणून वाळवी लागलेले किंवा अर्धे पान नसलेले स्कोअरबुकही आम्ही आनंदाने स्वीकारू.

आता एक कळकळीची विनंती. वस्तू देण्यापूर्वी तिला स्वच्छ करू नये. चांगल्या भावनेने केलेल्या सफाईमुळे जितका क्रीडावारसा नष्ट होतो, तितका क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. धातू चकचकीत करणाऱ्या द्रावणाने करंडक घासला की त्याचा मुलामा निघतो आणि कोरलेली अक्षरे दरवेळी थोडी थोडी पुसट होतात. फिरत्या ढालीवरच्या छोट्या पट्ट्यांवर वर्षावर्षाच्या विजेत्यांची नावे असतात, आणि ती वाचता येईनाशी झाली तर उरलेल्या लाकडाला आणि धातूला काय अर्थ राहिला? पदकाचे महत्त्वही त्याच्या रंगावरून ठरवू नये. १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये विजेत्याला रौप्यपदक दिले गेले होते. सुवर्ण, रौप्य आणि कांस्य ही पद्धत १९०४ पासून सुरू झाली आणि विजेत्यांना पूर्ण सोन्याची पदके अखेरची मिळाली ती १९१२ साली स्टॉकहोम येथे. जर्सीवरचे मातीचे किंवा घामाचे डाग धुऊ नयेत, कारण ते त्या सामन्याचाच भाग आहेत. बॅटीला किंवा हॉकी स्टिकला नव्याने तेल पाजू नये आणि जुन्या कातडी चेंडूत हवा भरू नये, कारण वाळलेले कातडे शिवणीवर उसवते. कसर किंवा बुरशी दिसली, तर ती वस्तू इतरांपासून वेगळी करून कोरड्या, हवेशीर जागी ठेवावी आणि आम्हाला कळवावे.

छायाचित्रांच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. ती कडेने धरावीत, कारण बोटांच्या ठशांतील तेल आणि घाम कालांतराने कागदावर उमटून येतात. मागे लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पाझरते. फाटलेल्या छायाचित्राला चिकटपट्टी लावू नये आणि ते लॅमिनेट करू नये, कारण लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकखाली चिकट पानांवर छायाचित्रे बसवण्याचे जे अल्बम एके काळी घरोघर आले, त्यांचा गोंद कागद पिवळा करतो आणि कालांतराने छायाचित्र सुटेनासे होते. अशा पानावरून छायाचित्र ओढून काढू नये. पूर्ण अल्बमच आमच्याकडे द्यावा. चौकटीच्या काचेला चिकटलेले छायाचित्रही सोडवू नये, आम्ही काचेसकटच त्याची प्रत घेऊ. वृत्तपत्रांची कात्रणे छायाचित्रांच्या अंगावर ठेवू नयेत, कारण त्या कागदातील आम्ल शेजारच्या छायाचित्रावर तपकिरी छाप पाडते.

निगेटिव्ह कोणीही टाकून देऊ नयेत, काचेच्या तर नाहीच. मात्र येथे सुरक्षिततेची एक बाब आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काही फिल्म सेल्युलोज नायट्रेटच्या बनवल्या जात आणि त्या अत्यंत ज्वालाग्राही असतात. फिल्म पिवळी पडली असेल, चिकट झाली असेल किंवा तिला उग्र वास येत असेल, तर ती हवाबंद डब्यात किंवा उष्ण जागी ठेवू नये, स्कॅनही करू नये आणि आम्हाला आधी कळवावे. नंतरच्या ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला, तर ती विघटित होत आहे असे समजावे. ती बाकीच्या फिल्मपासून वेगळी करावी, कारण तिच्यातून निघणाऱ्या वाफांमुळे शेजारच्या फिल्मही लवकर खराब होतात.

वस्तू आम्हाला कायमची देणे हा एकच मार्ग नाही. आपण ती दानपत्राद्वारे संग्रहास देऊ शकता, ठरावीक मुदतीसाठी प्रदर्शनाकरिता देऊ शकता किंवा केवळ प्रत काढून मूळ वस्तू परत घेऊ शकता. ज्या घरात एखादे पदक रोज पाहिले जाते आणि त्याची गोष्ट नातवंडांना सांगितली जाते, तेथून ते हलवावे असे आम्हाला मुळीच वाटत नाही. तेथे आम्हाला प्रत आणि ती गोष्ट पुरेशी आहे. स्वीकारलेल्या प्रत्येक वस्तूची क्रमांकासह आणि तिच्या स्थितीच्या वर्णनासह लेखी पावती दिली जाईल. कोणतीही वस्तू विकली जाणार नाही. संघाच्या किंवा संस्थेच्या मालकीचा फिरता करंडक एखाद्या माजी पदाधिकाऱ्याच्या घरी राहिला असेल, तर त्या संस्थेची संमती घेऊनच आम्ही तो स्वीकारू. छायाचित्र आपल्या मालकीचे असले तरी त्याचे प्रकाशनाचे हक्क छायाचित्रकाराकडे असू शकतात, म्हणून त्याचे नाव ठाऊक असल्यास आवर्जून कळवावे. हक्काचा प्रश्न असो वा नसो, ज्याने ते टिपले त्याचे श्रेय त्याला मिळालेच पाहिजे.

वस्तूंची बाजारातील किंमत आम्ही ठरवत नाही आणि स्वाक्षऱ्यांच्या खरेपणाचे प्रमाणपत्रही देत नाही. छापील स्वाक्षऱ्या असलेल्या बॅटी पुष्कळ निघाल्या, आणि चाहत्यांना पाठवायच्या कागदांवर काही वेळा संघातील दुसऱ्याच कोणी सह्या केल्या, हे जाणकारांना ठाऊक आहे. तरीही स्वाक्षरी कोठे, केव्हा आणि कोणासमोर मिळाली हे आपण सांगितलेत, तर आम्ही ते आपल्या शब्दांत नोंदवून ठेवू. प्रसिद्ध वस्तू सुरक्षित राहतात असेही नाही. फुटबॉल विश्वचषकाचा मूळ ज्युल रिमे करंडक १९६६ साली लंडनमध्ये चोरीस गेला आणि सुदैवाने सापडला. १९८३ साली रिओ दी जानेरो येथून तो पुन्हा चोरीस गेला आणि त्यानंतर कधीच मिळाला नाही. त्यामुळे प्रत्येक वस्तूची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेऊन त्यांच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवण्याचा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून पाळणार आहोत.

आर्थिक साहाय्याचीही गरज आहे. आम्लरहित कागदाचे खोके आणि पाकिटे, पॉलिस्टरची पारदर्शक आवरणे, मोठ्या आकाराची छायाचित्रे घेऊ शकणारा स्कॅनर, प्रती साठवण्याची साधने आणि खोलीतील आर्द्रता नियंत्रित ठेवणारे यंत्र यांवर निधी खर्च होईल आणि त्याचा हिशेब सर्व देणगीदारांना लेखी पाठवला जाईल. ज्यांना पैसा देणे शक्य नाही त्यांनी वेळ द्यावा. स्कॅनिंग, नोंदी टंकलिखित करणे आणि जुने हस्ताक्षर वाचणे यांसाठी स्वयंसेवक हवे आहेत. माजी खेळाडू, पंच, गुणलेखक, मैदानाची निगा राखणारे कर्मचारी आणि क्रीडाशिक्षक यांनी तर चेहरे ओळखण्याच्या बैठकींना अवश्य यावे. ज्यांना प्रवास झेपत नाही, त्यांच्या घरी आमचे कार्यकर्ते छायाचित्रे घेऊन येतील.

सुरुवात करण्यासाठी घरातील वस्तू हलवू नये. ती जेथे आहे तेथेच मोबाईलवर तिची पुढून आणि मागून छायाचित्रे घ्यावीत, ती कोणाची होती आणि आपल्याकडे कशी आली हे चार ओळींत लिहावे आणि समितीच्या कार्यालयाकडे पाठवावे. पुढे काय करायचे ते आम्ही आपल्याशी बोलूनच ठरवू. छायाचित्रे पाण्याने भिजली असतील तर मात्र थांबू नये. एकमेकांना चिकटलेल्या स्थितीत ती वाळू देऊ नयेत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळुवार सुटी करावीत, चित्राची बाजू वर ठेवून शोषक कागदावर पसरावीत आणि त्याच दिवशी आम्हाला कळवावे.