एमएसएक्सचा इतिहास लिहिताना: मित्रास पत्र

आइंडहोवन, नेदरलँड्स

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून पंधरवडा उलटला. ज्या संगणकाचे उत्पादन कधीच बंद झाले, त्याचा इतिहास लिहिण्यात मी इतक्या संध्याकाळी का घालवतो, हा तुझा प्रश्न दोन ओळींत उरकण्यासारखा नव्हता, म्हणून उत्तराला उशीर झाला.

तुझ्या मामांच्या घरी, पुण्यात, आपण डीबी स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक पाहिला होता, ते तुला आठवत असेल. सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा परवाना घेऊन पुण्याच्याच डेसिबेल्स कंपनीने १९८६ मध्ये बाजारात आणलेले ते यंत्र टीव्हीला जोडायचे आणि टेपरेकॉर्डरवरून त्यात प्रोग्रॅम भरायचा. त्याचा प्रोसेसर, म्हणजे गणिते करणारी मुख्य चिप, झेड८० होता. मी ज्याच्या मागे लागलो आहे त्या एमएसएक्सचाही, म्हणजे अनेक कंपन्यांनी एकाच मानकाप्रमाणे बनवलेल्या घरगुती संगणकांचाही, प्रोसेसर तोच. तरीही एकाची कॅसेट दुसऱ्याच्या उपयोगाची नाही, कारण चित्र उमटवणारी चिप, स्मृतीची मांडणी, कॅसेटवर अक्षरे लिहिण्याची रीत, सगळेच वेगळे. त्या काळी जवळजवळ प्रत्येक कंपनीचा घरगुती संगणक असाच आपल्या कुंपणात राहत असे.

हे कुंपण काढण्याचा प्रयत्न जपानमध्ये अॅस्की कॉर्पोरेशनच्या काझुहिको निशी यांनी केला. त्या वेळी ते मायक्रोसॉफ्टचेही उपाध्यक्ष होते. जून १९८३ मध्ये जाहीर झालेल्या त्यांच्या मानकात एकही भाग मुद्दाम घडवलेला नव्हता: ३.५८ मेगाहर्ट्झवर चालणारा झेड८०ए, चित्रासाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस९९१८ घराण्यातील चिप, तीन स्वरांसाठी जनरल इन्स्ट्रुमेंटची एवाय-३-८९१०, आणि ३२ किलोबाइट रॉममध्ये, म्हणजे कारखान्यातच भरलेल्या कायमच्या स्मृतीत, मायक्रोसॉफ्टची बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा. बाजारात मिळणाऱ्या वस्तूंवर सर्वांची सही घ्यायची, एवढाच तो विचार होता, आणि मला तो आजही फार मोठा वाटतो. सोनी, मात्सुशिता, तोशिबा, सान्यो पुढे आल्या. माझ्या या गावात जन्मलेली फिलिप्स आली. कोरियातून देवू, ब्राझीलमधून ग्राडिएंटे आणि अरबी अक्षरांसह कुवेतची ‘सख्र’ ही यंत्रे आली.

माझे खरे काम मात्र या यादीनंतर सुरू होते. मानक कागदावर काय सांगते आणि कारखान्यातून काय बाहेर पडले, यांत अंतर आहे, आणि ते अंतर कोणीतरी यंत्रागणिक लिहून ठेवायला हवे. रॅमचे, म्हणजे प्रोग्रॅम चालताना वापरायच्या तात्पुरत्या स्मृतीचेच उदाहरण घे. एमएसएक्समध्ये स्मृती जोडण्याच्या चार मुख्य जागा, म्हणजे स्लॉट, असतात, प्रत्येकाचे आणखी चार उपस्लॉट करता येतात, आणि प्रत्येक उपस्लॉट ६४ किलोबाइटचा, म्हणजे ज्या झेड८०ला एका वेळी ६४ किलोबाइटच दिसतात त्याच्यासाठी १ मेगाबाइटची सोय. पण रॅम यांपैकी कोणत्या स्लॉटमध्ये बसवायची, हे मानकाने उत्पादकावर सोडले. प्रोग्रॅमने रॅम शोधून घ्यावी, अशी अपेक्षा होती. ज्यांनी ती न शोधता आपल्या टेबलावरच्या यंत्राची मांडणी गृहीत धरली, त्यांचे खेळ दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर सुरूच होत नसत. ग्राहकाला वाटे, यंत्र बिघडले. दोष यंत्राचा नव्हता आणि मानकाचाही नव्हता. तो त्या मोकळ्या सोडलेल्या जागेचा होता, आणि माझ्या मते मानकाचा इतिहास अशा जागांतच सर्वांत स्पष्ट वाचता येतो.

यासाठी मी प्रत्येक यंत्राच्या रॉममधील मजकुराची प्रत उतरवून घेतो. जाहिरात काहीही म्हणो, रॉममध्ये यंत्राची जन्मनोंद असते. तिच्यातील हेक्स ००२डी या पत्त्यावरचा (हेक्स म्हणजे सोळाच्या पायावरची अंकपद्धती) आकडा पिढी सांगतो: शून्य म्हणजे पहिले एमएसएक्स, एक म्हणजे १९८५ चे एमएसएक्स२, दोन म्हणजे १९८८ चे एमएसएक्स२ प्लस, आणि तीन म्हणजे १९९० चे टर्बो आर. त्याच्या दोन घरे आधी, ००२बी या एकाच बाइटमध्ये, अक्षरसंच, तारीख लिहिण्याची पद्धत आणि पडद्यावरचे चित्र ५० की ६० हर्ट्झचे, हे तिन्ही कोंबलेले असते. एक यंत्र माझ्याकडे बाहेरच्या खोक्यावरून युरोपीय म्हणून आले आणि या बाइटने ते जपानी ठरवले, तेव्हा मी माझ्या वहीतील आधीची नोंद खोडली नाही; तिच्याखाली तारखेसह नवी लिहिली. आपण कशामुळे चुकलो, हेही पुढच्याला कळले पाहिजे.

यंत्राला विचारता येते, माणसाच्या आठवणीचे काय करायचे, हा प्रश्न याहून अवघड आहे. एमएसएक्स या तीन अक्षरांचा अर्थ घे. ती मायक्रोसॉफ्टच्या विस्तारित बेसिकवरून आली, असे बरेच जण सांगतात. निशी यांनी १९८५ मध्ये हे नाव अमेरिकेच्या एमएक्स क्षेपणास्त्रावरून घेतल्याचे सांगितले. २००१ मध्ये, येथून जवळच असलेल्या टिलबर्ग शहरात, त्यांनी मूळ अर्थ ‘सॉफ्टवेअरची अदलाबदल करता येणारी यंत्रे’ असा दिला. २०२० मधील त्यांच्या पुस्तकात तिसरेच उत्तर आहे: व्हिडिओ कॅसेटच्या व्हीएचएस पद्धतीसारखे तीन अक्षरी नाव हवे होते, त्यात मायक्रोसॉफ्टच्या पुढचे काही असे सूचित होत होते, शिवाय मात्सुशिता आणि सोनी यांची आद्याक्षरेही त्यात होती. बोलणारा माणूस एकच, आणि तोच या नावाचा कर्ता. यांतील एक उत्तर खरे मानून बाकीची गाळणे मला मान्य नाही. मी तिन्ही उत्तरे वर्षासह लिहिली आहेत. मला स्वतःला व्हीएचएसचा उल्लेख सर्वांत जवळचा वाटतो, कारण कोणत्याही कंपनीचा व्हीसीआर आणि कॅसेट एकच, हेच तर त्यांना संगणकात हवे होते. पण हे माझे मत आहे, आणि वहीत ते मत म्हणूनच लिहिले आहे.

तू घाई कशाची असे विचारशील. काही यंत्रांत घड्याळासाठी बसवलेली छोटी बॅटरी पाझरते आणि सर्किटच्या पाटीवरचे तांबे खाऊन टाकते. फ्लॉपी ड्राइव्हचा रबरी पट्टा डांबरासारखा चिकट होतो. कॅसेटवर शून्य म्हणजे १२०० हर्ट्झची एक लहर आणि एक म्हणजे २४०० हर्ट्झच्या दोन लहरी, इतकी साधी लिपी आहे. फीत जरा ताणली तरी ती बहुधा वाचता येते, पण तिच्यावरचा चुंबकीय थरच गळून पडला तर मग काही उरत नाही.

म्हणून एक विनंती. मामांच्या माळ्यावर त्या स्पेक्ट्रमची पुस्तिका आणि कॅसेट अजून असतील, तर त्या मला पाठव. मानकाबाहेरचे जग कसे होते, हे सांगणाऱ्या प्रकरणाला त्यांचा आधार हवा आहे, आणि ते प्रकरण मला पुण्यातून सुरू करायचे आहे. कॅसेट सापडल्या तर एकदाही वाजवून पाहू नकोस. बुरशी असेल तर पहिल्याच फेरीत फीत खराब होते. त्या सुती कापडात गुंडाळ, वर कोणी काही लिहिले असेल तर ते पुसू नकोस, आणि त्या कोणत्या खोक्यात, कशाशेजारी सापडल्या, एवढे एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना सोबती