आई, या वेळी स्वयंपाकघर घेतलेलं नाही

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आई "बरं बरं, बघू" म्हणते आणि बाबा फोन दादाच्या हातात देतात, म्हणून कागदावर लिहिते आहे. बाबांना चष्मा बदलावा लागू नये म्हणून अक्षर मोठं काढलंय. व्हिएन्नाला येताना हे पत्र आईच्या पर्समध्ये असू दे. लंडनला दादाकडे विसरू नका.

आधी मुख्य गोष्ट सांगते. स्वयंपाकघर असलेला फ्लॅट मी घेतलेला नाही. हॉटेल घेतलंय, सकाळच्या नाश्त्यासकट, आणि पैसे भरून झालेत. आई, तुझं म्हणणं मला पाठ आहे. बाबांची शुगर, बाहेरचं तेल, वरणभाताशिवाय पोटाला बरं न वाटणं, आणि "एक कुकर लावला की झालं, त्यात काय एवढं". फ्लॅट स्वस्तही पडला असता, हेही खरं. मी दोन्ही पाहिले, विचार केला, मग ठरवलं. तुला वाईट वाटावं म्हणून नाही गं. महाबळेश्वरला आपण स्टोव्ह नेला होता, गणपतीपुळ्याला कुकर. आम्ही सगळे पॉइंट पाहून आलो की गरम खिचडी तयार असायची. सूर्यास्ताचे फोटो आहेत, त्यातल्या एकातही तू नाहीस. बाबांच्या पंचाहत्तरीच्या या चार दिवसांत तू कुठलाही ओटा पुसायचा नाहीस. तू बसायचंस आणि कुणीतरी तुला आणून द्यायचं.

आणि त्यासाठी व्हिएन्नासारखं शहर नाही, म्हणून तर पॅरिस सोडून हे निवडलं. इथली कॉफी-हाउसं ही निवांत बसायची जागा आहे. तिथे एक कप कॉफीवर दोन तास बसलं तरी कुणी "आणखी काही?" म्हणत डोक्यावर उभं राहत नाही. बिलसुद्धा आपण मागितल्याशिवाय येत नाही, तेव्हा बाबांनी "हा माणूस पैसे घ्यायला का येत नाही" म्हणून अस्वस्थ होऊ नये. लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रं असतात. ती जर्मन असतात, पण बाबा फोटो आणि आकडे पाहतीलच. 2011 साली ऑस्ट्रियाने ही कॉफी-हाउसची रीत आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातली.

तुमच्या हॉटेलपासून जवळचं म्हणजे गुम्पेनडॉर्फर रस्त्यावरचं कॅफे श्पेर्ल, 1880 सालचं. आत जुनी लाकडी जमीन, बिलियर्डची टेबलं, खिडकीशी मऊ बाकं. आई, बाकावरच बस, खुर्चीवर नको, तुझ्या गुडघ्याला पाय लांब करता येईल. मेलांज मागायची. ती दुधाची, फेस असलेली कॉफी, आपल्या जिभेला जुळणारी. छोट्या धातूच्या ट्रेमध्ये कप येतो, शेजारी पाण्याचा ग्लास आणि ग्लासवर आडवा ठेवलेला चमचा. ते पाणी कॉफीबरोबरच येतं, मागावं लागत नाही. फियाकर आणि मारिया थेरेसिया ही नावं दिसली तर घेऊ नका. पहिल्यात बहुधा रम असते, दुसऱ्यात संत्र्याची दारू. चहा हवा असेल तर "ब्लॅक टी विथ हॉट मिल्क" असं स्पष्ट सांग, नाहीतर पिशवी आणि गार दूध येईल. आपल्यासारखा उकळलेला मिळणार नाही, पण हॉटेलवाल्यांनी खोलीत किटली ठेवायचं कबूल केलंय.

बाबा, कॉफीला पाच-सहा युरो पडतील. कृपा करून त्याला रुपयांनी गुणू नका. ते पैसे कपातल्या कॉफीचे कमी आणि त्या खुर्चीचे जास्त असतात. टीप म्हणून पाच-दहा टक्के, आणि ती टेबलावर ठेवायची नसते, पैसे देतानाच वाढीव रक्कम सांगायची. कॅफे सेंट्रल प्रसिद्ध आहे, पण दारात रांग असते आणि आईला उभं राहायला लावायचं नाही. बाहेरून पाहा आणि पुढे चला.

गुरुवारबद्दल सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण तेव्हा मी नसणार आणि आईचा उपास आहे. शुक्रवारचं काम टाळता येत नाही, मी म्युनिकहून दुपारची गाडी धरून संध्याकाळी पोचते. ही रुखरुख मला गेले कित्येक दिवस आहे. आई, उपास सोड असं मी म्हणणार नाही, पण उपाशी मात्र राहायचं नाही. हॉटेलसमोरच नाशमार्क्ट आहे, लांबच लांब बाजार. तिथे खजूर, अंजीर, बदाम, डाळिंब सगळं मिळतं. सुपरमार्केटमधून साधं दही घे, डब्यावर 'नाटूर' असं लिहिलेलं असतं, म्हणजे साखर नसलेलं. केळी घे. ऑक्टोबरमध्ये रस्त्यावर भाजके चेस्टनट विकणारे ठेले लागतात, तिथेच भाजलेले बटाटेही असतात. चेस्टनट उपासाला चालतात का हे तू आणि मावशी ठरवा. मला विचारशील तर शिंगाड्यासारखंच आहे ते. उपासाचं मीठ मात्र घरून आणलंस ना? नसेल तर लंडनमधूनच घेऊन ये.

आता नीट वाच. इथे 'मांस नाही' म्हटलं तरी संपत नाही. व्हिएन्नाची बटाट्याची कोशिंबीर दिसायला निर्दोष, पण ती बहुतेक ठिकाणी गाईच्या हाडामांसाच्या पाण्यात मुरवलेली असते. डोशासारख्या धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं एक सूप असतं, तेही त्याच पाण्यातलं. तळलेलं चीज आणि तळलेली मश्रूम यांचं आवरण अंडं लावून केलेलं असतं, आणि चीज घातलेल्या श्पेट्सले नावाच्या जाड शेवयांच्या पिठातही अंडं असतं. म्हणून पाकिटात मी जर्मन मजकुराची चिठ्ठी घातली आहे: मांस, मासे, अंडं आणि मांसाचं पाणी चालत नाही. ती वेटरला दाखवायची, लाजायचं नाही. लोक नीट वाचतात आणि आत विचारून येतात. भोपळ्याचं सूप सध्या सगळीकडे असतं, वर हिरवट काळं भोपळ्याच्या बियांचं तेल टाकतात, ते तुला आवडेल, फक्त चिठ्ठी दाखवून. पार्सली घातलेले लोण्यातले बटाटे, पालक, मार्गेरिटा पिझ्झा, नाशमार्क्टवर फलाफल आणि हमस. वरणभात नाही, पण पोटभर आणि गरम.

बाबांना अंडं चालतं, तेव्हा त्यांचं सोपं आहे. पण बाबा, तुमची गोळी जेवणाआधीची आहे, म्हणून "आई बाजार बघतेय, थांबू जरा" हे चालणार नाही. दुपारी साडेबारा, संध्याकाळी सात. बऱ्याच ठिकाणी दुपारच्या जेवणाचा ठरावीक मेनू असतो, तो संध्याकाळपेक्षा स्वस्त पडतो, म्हणजे तुमचंही समाधान. खिशात खडीसाखर. झाखरटोर्टे हा इथला मानाचा चॉकलेट केक, 1832 साली फ्रान्झ झाखर नावाच्या पोराने मेटरनिख या तेव्हाच्या ऑस्ट्रियन चॅन्सेलरसाठी केला असं सांगतात, त्यात जर्दाळूचा जॅम असतो. अर्धा घ्या, उरलेला तुमच्याकडे बघत बसला तरी. आईला तो चालणार नाही, अंडं आहे. तिच्यासाठी आप्फेलश्ट्रुडेल, कागदासारखं पातळ आवरण आणि आत सफरचंद, दालचिनी. मूळ पद्धतीत आवरणाला अंडं लागत नाही, पण काहीजण घालतात आणि बेदाणे कधी कधी रममध्ये भिजवतात, तेव्हा विचारूनच. खात्रीचं काही पर्समध्ये हवं असेल तर गुलाबी वेष्टनातली मानरची हेझलनटची वेफर्स.

बाबा, हे फक्त तुमच्यासाठी. तुम्ही आयुष्यभर पाणीपुरवठ्यात काढलंत, म्हणून व्हिएन्नात कुठे जेवायचं त्यापेक्षा काय प्यायचं हे तुम्हाला जास्त आवडेल. नळाचं पाणी प्या, बाटल्या विकत घेऊ नका. ते आल्प्समधल्या झऱ्यांचं आहे. पहिली वाहिनी 1873 साली सुरू झाली, राक्स आणि श्नेबेर्गच्या बाजूने. दुसरी 1910 सालची, होखश्वाबच्या डोंगरातून, 180 किलोमीटरच्या आसपास लांब, आणि पाण्याला शहरात यायला सुमारे 36 तास लागतात. सगळं उतारावर, पंपाशिवाय. कॉलरा आणि टायफॉइडने हैराण झालेल्या शहरासाठी एडुआर्ड झ्युस या भूगर्भशास्त्रज्ञाने ते लावून धरलं. पहिली वाहिनी पूर्ण झाली तेव्हा श्वार्झेनबेर्गप्लात्झला कारंजं बांधलं, ते आजही आहे. शुक्रवारी नाश्त्यानंतर आईला घेऊन तिथे जा, कार्ल्सप्लात्झहून रमतगमत जाता येतं. तिला सगळं समजावून सांगा, ती ऐकेल. रस्त्यात पिण्याच्या पाण्याचे नळ असतात, आपली तांब्याची बाटली भरून घ्या. जेवायला गेल्यावर नळाचं पाणी मागितलं तर कधी कधी थोडे पैसे लावतात, त्यावर वाद नको.

शनिवारी मी असेन. त्या संध्याकाळी आपण डी नंबरच्या ट्रामने नुसडॉर्फला जाऊ. शहराच्या हद्दीतच द्राक्षमळे आहेत आणि मळेवाले आपली वाइन आपल्याच अंगणात विकतात. 1784 साली सम्राट दुसऱ्या योझेफने तशी परवानगी दिली, तेव्हापासूनचं. दारावर हिरवी फांदी टांगलेली असते. ब्रेडवर लावायला लिप्टाउअर मिळतं, ताज्या चीजमध्ये लाल पॅप्रिका कालवलेलं. त्यात कुणी मासा घालतं का तेवढं मी आधी विचारेन. आईला द्राक्षाचा रस. बाबांना निम्मा सोडा घातलेली वाइन, एक ग्लास. डॉक्टरांना मी विचारलंय, जेवणाबरोबर एक चालेल म्हणाले. दुसरा ग्लास मागाल तेव्हा मी शेजारी असेन.

रविवारी इथली दुकानं बंद असतात, नाशमार्क्टही बंद. मोठ्या स्टेशनांतली सुपरमार्केटं तेवढी उघडी. फळं आणि दही मी शनिवारीच घेऊन ठेवीन. तुम्ही त्याचा विचार करू नका. विमानतळावर बाबांच्या नावाची पाटी घेऊन ड्रायव्हर उभा असेल, पैसे दिलेले आहेत, त्याला परत देऊ नका.

आई, तू दादाकडे धपाटे करून डब्यात भरणार आहेस, हे मला माहीत आहे. भर. प्रवासात खायला हवेतच, आणि दोन माझ्यासाठी ठेव. पण तेवढेच. पिठाची पिशवी, मसाल्याचा डबा आणि तो छोटा कुकर दादाकडेच राहू दे. मी बॅग उघडून बघणार आहे.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा, विमानात टाकायच्या बॅगेत नको. गुरुवारी जेवण झालं की मेसेज टाका, काय खाल्लं तेही लिहा.