करार दहा वर्षांचा

चि. बाय हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर आपले बोलणे अर्ध्यावर तुटले आणि मला म्हणायचे होते ते राहून गेले, म्हणून लिहायला बसले आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या जमीनमालकांना भेटून त्यांच्याशी दहा वर्षे रान राखण्याचे करार करायचे, हे काम तू स्वीकारलेस याचा मला आनंद आहे. अभिमानही आहे; तो मी इथे चारचौघांत बोलून दाखवते, तुझ्यासमोर मात्र तो जिभेवर येत नाही. मी विचारले होते ते एवढेच की, करार दहा वर्षांचा असताना तुमच्या संस्थेकडे पैसा तीनच वर्षांचा का? तू त्याला अविश्वास म्हणालीस. तो अविश्वास नाही, पण त्याचे उत्तरही मला अजून मिळालेले नाही.

आपल्या जिल्ह्यात सरकारी वन नावापुरते आहे आणि बहुतेक सगळे रान कोणा ना कोणाच्या सातबाऱ्यावर आहे, हे तुला मी सांगायला नको. ते टिकायचे की जायचे, हे मालकाच्या घरातल्या अडचणी ठरवतात. मुलीचे लग्न, आजारपण, मुंबईतल्या खोलीची अनामत असे काही निघाले की डोंगर तोडायला दिला जातो, पुढे पंधरा-वीस वर्षांत फुटवे जाड झाले की पुन्हा दिला जातो, आणि यात कोणाला काही वावगे वाटत नाही. तुमच्या बैठकांत ठेकेदाराला शिव्या पडत असतील, पण तो मालकासाठी काय करतो तेही पाहा. तो रोख रक्कम घरी आणून देतो, सहहिस्सेदारांची संमतीपत्रे गोळा करतो, वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीसाठी स्वतः खेटे घालतो आणि मजूरही तोच आणतो. मालकाला फक्त सही करायची असते. तुमच्या करारात मात्र त्याने वारस नोंद करून आणायची, मोजणी करून घ्यायची, वणवा आला तर विझवायला धावायचे आणि वर्षअखेरीस मिळायचे ते ठेकेदाराच्या रकमेपुढे अगदीच थोडे. राखणाऱ्याला तोडणाऱ्यापेक्षा जास्त कष्ट पडणार असतील, तर किमान ते पैसे दहाही वर्षे ठरल्या दिवशी मिळाले पाहिजेत. बघ, पुन्हा तिथेच आले.

भाऊभावोजी तुमच्या कागदाला हात लावायला का तयार नाहीत, तेही सांगते, कारण तू त्यांना हट्टी म्हणून मोकळी झालीस. ३० ऑगस्ट १९७५ रोजी खासगी वने संपादन करण्याचा कायदा लागू झाला. कायद्याच्या व्याख्येत बसणारी खासगी वने त्या दिवसापासून सरकारजमा झाली आणि कितीतरी घरांना त्याचा पत्ता पुढे केव्हातरी सातबाऱ्यावरची नोंद पाहून लागला. त्यानंतर १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने वन म्हणजे शब्दकोशातल्या अर्थाने वन, मग मालकी कोणाचीही असो, असा निर्णय दिला. या सगळ्यातून जुन्या मंडळींनी एकच धडा घेतला, की झाडे वाढू दिली तर जमीन जाते आणि उघडी ठेवली तर राहते. मला हा धडा मान्य नाही, पण त्यांना तो अनुभवातून मिळालेला आहे. अशा माणसासमोर तू ‘संवर्धन’ म्हणालीस की त्याला ‘संपादन’ ऐकू येते. तेव्हा मालकी कोणाकडेही जात नाही, सातबाऱ्यावर कोणतीही नोंद चढत नाही, हे करारात पहिल्याच कलमात आणि ठळक लिहिलेले असू दे.

तुझे बाबा रान राखत, पण त्यांनी तोड कधी बंद केली नव्हती. ज्या वर्षी तोड करायची, त्या वर्षी आधी सगळा डोंगर ते स्वतः फिरत आणि जाणाऱ्या झाडांच्या बुंध्यावर चुन्याचा पट्टा ओढत. डबा तुझ्या हातात असे आणि घरी येईपर्यंत तुझा फ्रॉक पांढरा झालेला असे. पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, दोन्ही काठांच्या झाडांना ते चुना लावत नसत. ऐन आणि किंजळ तोडले तरी बुंध्याला फुटतात म्हणून त्यांतले निवडून काढत, तेही सगळे एका जागचे नाही. एकदा वरच्या अंगाच्या मोठ्या बेहड्याखाली त्यांनी आपल्याला उभे केले. जमिनीवर वडा-उंबराच्या बियांचा आणि विष्ठेचा थर साचला होता, त्यात कुठे कुठे कोवळे अंकुर वर आले होते. वर पाहिले तर ढोलीचे तोंड लिंपलेले, मध्ये बोटभर फट, आणि ककणेराचा, म्हणजे धनेश पक्ष्याचा, नर त्या फटीतून आतल्या मादीला एकेक फळ भरवत होता. तू तासभर हलली नव्हतीस. १९६४ च्या झाडे तोडण्याच्या कायद्याला परवानगीशिवाय तोडता न येणाऱ्या झाडांची जी अनुसूची जोडली आहे तिच्यात हिरडा आहे, ऐन-किंजळ आहेत, आंबा, फणस, जांभूळ आहेत, पण बेहडा नाही, हे बाबांनी तुला तिथेच सांगितले. झाडांची नावे तुझ्या डोक्यात त्या फिरण्यातून बसली. आज लोक तुला विचारायला येतात, याचे मला नवल वाटत नाही.

कुठून कुठे गेले. सांगायचे होते ते असे की, दहा वर्षे कुऱ्हाड लावायचीच नाही, अशी अट मला व्यवहाराची वाटत नाही. घरच्या सरपणाला आणि गोठ्याच्या दुरुस्तीला निवडक तोड करू दे, मात्र पऱ्ह्याकाठची, ढोलीची आणि बियाण्याची झाडे सोडून. हिरड्या-बेहड्याची फळे चांगल्या भावाने विकून देता आली तर मालकाचे मन रानात राहील. सह्याद्रीतल्या हिरडा-बेहड्याला, रानाला धक्का न लावता फळे गोळा केल्याबद्दलचे, फेअरवाइल्ड प्रमाणपत्र मिळाले आहे, तेव्हा वाट नवी नाही. मालक वारला तर करार वारसांवर बंधनकारक राहील की नाही, तेही लिहा. वणवा अडवण्यासाठी फेब्रुवारीच्या आत गवत कापून हद्दीवर पट्टा मारण्याची मजुरी संस्थेने द्यावी. आणि पैसे थांबले, तर त्या दिवसापासून मालक मोकळा, हे स्वच्छ शब्दांत येऊ दे.

शाळा सुटून इतकी वर्षे झाली तरी फळ्यावर मुद्दे लिहून देण्याची माझी खोड जात नाही. यातले निम्मे तुम्ही आधीच केलेले असेल. रागावू नकोस.

तू मला कोस्टा रिकाचे उदाहरण दिले होतेस. मी त्यावर बराच विचार केला. तिथे १९९६ च्या वन कायद्यानेच खासगी मालकांना रान राखल्याबद्दल पैसे द्यायची सोय केली आणि त्यासाठी इंधनावरच्या कराचा हिस्सा लावून दिला. म्हणजे तिथला मालक कोणा देणगीदाराच्या मर्जीवर बसलेला नाही; गाड्या धावतात तोवर पैसा येतो. तुमच्याकडे तसे नसेल तर निदान काही रक्कम मुद्दल म्हणून बँकेत ठेवून तिच्या व्याजातून शेवटच्या सात वर्षांचे देता येईल का, हे तुझ्या वरिष्ठांना विचार. करार कमी झाले तरी चालतील. वीस घरांना दहा वर्षे पैसे मिळणे हे दोनशे घरांना तीन वर्षे मिळण्यापेक्षा बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरे भय निराळेच आहे, तेही लिहून टाकते. लोक संस्थेकडे पाहून सही करणार नाहीत, ‘बाईंची मुलगी’ म्हणून करतील. चौथ्या वर्षी पैसे आले नाहीत तर तू तोवर दुसरीकडे गेलेली असशील, तुझ्या वयात ते योग्यही आहे, आणि तुझे पुढे जाणे मला हवेच आहे. पण ती माणसे मला रोज रस्त्यात भेटणार. त्यांच्यापैकी एकाने जरी चिडून डोंगर ठेकेदाराला दिला तर पुढची तीस वर्षे त्या वाडीत रान राखण्याचे नाव कोणी काढणार नाही. म्हणून तुझा शब्द देऊ नकोस. संस्थेचा लेखी कागद दे. आणि पावसात त्या घाटातून दुचाकीने एकटी जाऊ नकोस, हे या विषयात बसत नाही तरी लिहिते.

आपल्या डोंगराचा करार करायला माझी हरकत नाही. पण सातबाऱ्यावर अकरा नावे आहेत. त्यांच्यातल्या मुंबईकरांकडे टपालाने कागद फिरवू नकोस. शिमग्याला सगळे येतात तेव्हा एकत्र बसवून वाचून दाखव. गणपतीत कोणाला सवड नसते आणि घाईच्या सह्यांवरून मागाहून वाद होतात. मसुदा त्याआधी महिनाभर माझ्याकडे पाठव, म्हणजे मी भाऊभावोजींना एकेक कलम समजावून सांगेन. तेही पहिल्यांदा निधीचेच विचारतील, तेव्हा ते उत्तर तयार ठेव. मसुदा मराठीत हवा आणि अक्षर मोठे हवे, बारीक त्यांना आता चष्म्यानेही दिसत नाही.

तुझी,
आई