विरंगुळा केंद्रात बायकांचाही डाव बसू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

स्मृतिभ्रंशाचा विषय निघाला की शब्दकोडी सोडवा, सुडोकू खेळा, असा सल्ला मिळतो. सल्ला वाईट नाही, पण अपुरा आहे. एकटीने कोडे सोडवण्यापेक्षा चौघींनी मेंढीकोट मांडावा, असे माझे ठाम मत आहे. कोणती पाने पडून गेली ते लक्षात ठेवायचे, भिडूच्या उतारीवरून तिच्या हातात काय असेल ते ताडायचे, हुकूम आत्ता मारायचा की राखायचा ते ठरवायचे, आणि हे सगळे गप्पा मारत, भांडत, हसत. डोक्याला एवढा व्यायाम मोबाइलवरच्या खेळात कुठला!

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वाचन, पत्ते किंवा पटावरचे खेळ, वाद्यवादन, नृत्य यांत रमणाऱ्यांना स्मृतिभ्रंश कमी प्रमाणात झालेला आढळला. खेळामुळेच आजार टळला, असे यावरून सिद्ध होत नाही. ज्याची स्मरणशक्ती ढासळू लागते तो आधी डावातूनच उठतो, असेही असू शकते. पण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी जी १४ कारणे मांडली, त्यांत समाजापासून तुटलेपणही आहे आणि ऐकू कमी येणेही. ही दोन एकमेकांत गुंतलेली आहेत. ऐकू येईनासे झाले की माणूस चारचौघांत जायचे टाळतो. म्हणून श्रवणयंत्राची लाज बाळगू नये, हे घरच्यांनीच पुढाकार घेऊन सांगायला हवे.

आपल्या देशात साठीपुढच्या स्त्रियांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ९ टक्के, तर पुरुषांमध्ये ५.८ टक्के असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसले. शिक्षण हुकलेल्या पिढीचा यात मोठा वाटा आहे. आणि आमच्या भागातल्या विरंगुळा केंद्रात पाहावे, तर कॅरम आणि पत्त्यांची टेबले संध्याकाळभर पुरुषांकडे! बायका भजनाला येतात आणि कुकर लावायच्या वेळेला घरी परततात. भजन हवेच, पाठांतर आणि सोबत दोन्ही त्यात मिळते. पण डावही हवा.

महापालिकांनी अशा केंद्रांत दुपारी दोन ते पाच हा वेळ स्त्रियांसाठी राखून ठेवावा, खाली बसता न येणाऱ्यांसाठी टेबल-खुर्च्या द्याव्यात आणि वर्षातून एकदा तिथेच कानांची मोफत तपासणी ठेवावी.

— एक ज्येष्ठ वाचिका, डोंबिवली